मेनूकार्ड उघडण्याआधी घड्याळ बघा

दादरला कुठे खायचं, माटुंग्यात कोणतं चांगलं, गिरगावात जुन्यापैकी काय उरलंय, असं सोशल मीडियावर रोज कोणी ना कोणी विचारतं आणि पोस्टखाली पन्नास नावं पडतात. किती वाजता जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. एकाच हॉटेलातला सकाळी नऊचा डोसा आणि संध्याकाळी साडेसातचा डोसा हे दोन वेगळे पदार्थ असतात. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकीच्या वेळी गेलेले असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोशाचंच घ्या. तीन-चार भाग तांदळाला एक भाग उडीद, थोडी मेथी, कुठे मूठभर पोहे, असं पीठ वाटून रात्रभर आंबायला ठेवतात. मे महिन्यात ते सहा-सात तासांत फुगतं, जानेवारीत दहा-बारा तासही लागतात. सकाळी ते ऐन भरात असतं. पण भटारखान्याच्या उष्म्यात आंबणं काही थांबत नाही. पिठातली साखर संपत जाते, म्हणून उशिराचा डोसा आंबट लागतो आणि त्याला तांबूस रंगही नीट चढत नाही. मग ते झाकायला वर लोण्याचा गोळा पडतो. संध्याकाळसाठी वेगळं पीठ लावणारे आहेत, फ्रीजमध्ये ठेवणारेही आहेत. पण मुंबईतल्या चिंचोळ्या भटारखान्यात जादा पिंपाला जागा कुठून आणणार?

तव्यालाही त्याची वेळ असते. दिवसाचे पहिले दोन-तीन डोसे चिकटतात. तवा फार तापला तर पीठ पसरायच्या आतच घट्ट होतं आणि वाटीबरोबर वर ओढलं जातं. पाणी शिंपडून झाडूने पुसतात ते स्वच्छतेपेक्षाही तवा निववण्यासाठी. रविवारी दहाला त्याच तव्यावर एका वेळी सात-आठ डोसे पडतात, कडेचे फिके राहतात आणि मधल्याला पुरेसा वेळ मिळत नाही. माटुंग्याचं राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं. इतकी वर्षं टिकलेल्या जागाही रविवारच्या गर्दीत तव्याचा आकार वाढवू शकत नाहीत. साध्या वारी साडेआठ ते दहा ही वेळ उत्तम. रविवारीच जायचं असेल तर आठच्या आत पोचा, नाहीतर इडली मागवा. ती एका वेळी ढिगाने वाफवली तरी बिघडत नाही.

आणि वेटरने 'डिप की सेपरेट?' (सांबारात बुडवून की सांबार वेगळं) असं विचारलं की मेदुवड्याला सेपरेट सांगा. ताजा वडा कोरडा आला की कुरकुरीतपणा लगेच कळतो. आधीच्या घाण्यातल्या वड्यांची सोय सांबारात बुडवूनच होते.

मराठी उपाहारगृहांचं गणित उलटं चालतं. इथे गर्दी फायद्याची. साबुदाणा वडा संकष्टीला किंवा एकादशीला खावा, कारण घाणा तळला की लगेच संपतो. एरवी अर्धा तळून ठेवलेला वडा मागणी आली की पुन्हा तेलात जातो आणि तेल पिऊन बसतो. साबुदाणा कमी भिजला असेल तर वडा तेलात फुटतो, पाणी जास्त झालं तर आतून चिकट गोळा होतो. कडक उपवास असेल तर बटाटेवडे त्याच कढईत तळतात का, एवढं विचारून घ्या. दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वड्याबरोबर पीयूष घ्यायची जुनी रीत आहे आणि तिला अर्थ आहे. श्रीखंड-ताकाचा तो गोड आंबटपणा तळणाचा तुपकटपणा कापतो. मिसळीत फरसाण शेवटी पडलं पाहिजे; टेबलावर येईपर्यंत ते मऊ झालं असेल तर वाढप मंद आहे असं समजा. दादरच्याच आस्वाद हॉटेलच्या मिसळीला २०१५ मध्ये फूडीहब या खाद्यसंकेतस्थळाचा पुरस्कार मिळाल्यापासून सगळेच मिसळ मागवतात. मागवा, पण मुंबईची मिसळ कोल्हापूरच्या मापाने मोजू नका. तिचा रस्सा सौम्यच असतो.

आता मासे. यावर जरा जास्त बोलावं लागेल, कारण पैसे इथेच जातात. मालवणी-गोमंतकी हॉटेलात मासा सकाळी येतो आणि अकराच्या सुमारास हळद, मीठ, आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून तयार असतो. साडेबारा ते दीड ही त्याची वेळ. तोच तुकडा रात्री नऊला तव्यावर पडला की आंबटाने आणि मिठाने मांस भुसभुशीत झालेलं असतं. ताज्या सुरमईचे पदर सुटतात, शिळीचा भुगा होतो. तुकडा मधला मागा. शेपटीकडचा पातळ असतो, तव्यावर लगेच कोरडा पडतो. बोंबील जाड आणि गोल दिसला तर तो वजनाखाली दाबून पाणी काढलेला नाही. त्याची वाफ आतच कोंडते आणि रव्याचं आवरण पहिल्याच घासाला निघून ताटात पडतं.

मेनूकार्डावर पापलेटसमोर किमतीऐवजी 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे दर. इथे लाजू नका. कच्चा मासा दाखवायला सांगा, त्या माशाचा आकडा विचारा, मगच तव्यावर टाकू द्या. चांगल्या हॉटेलात याचा कोणी राग मानत नाही.

कॅलेंडरही बघायला हवं. यांत्रिक नौकांना राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत मोठं पापलेट किंवा सुरमई समोर आली तर ती बहुतेक बर्फातली. तेव्हा सुकटीची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण, नाहीतर कोंबडी खावी. गटारी बहुतेक वेळा याच बंदीत किंवा ती संपता संपता येते. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आणि सगळ्यात कमी ताजा मासा एकाच दिवशी! उलट ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जातात तेव्हा निम्मी मुंबई श्रावण पाळत असते. न पाळणाऱ्यांनी याचा फायदा घ्यावा. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला माशाचा उठाव कमी असतो, त्यामुळे मंगळवारी आदल्या दिवशीचा माल पुढे येण्याची शक्यता धरून चाला.

थाळीबद्दल थोडक्यात: माटुंगा स्टेशनजवळचं १९४२ चं रामा नायक यांचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग असो की गल्लीतली खानावळ, थाळीला पहिल्या तासात बसावं. शेवटच्या पंगतीला भाजीत पाणी वाढलेलं असतं आणि पापड मऊ पडलेला असतो.

रात्रीच्या 'फॅमिली रेस्टॉरंट'मधलं दोनशे पदार्थांचं मेनूकार्ड बघून दबून जाऊ नका. आत मुख्यतः तीन ग्रेव्ह्या असतात: टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी आणि कांदा-टोमॅटोची तपकिरी. लालमध्ये लोणी आणि क्रीम पडलं की मखनी, तपकिरीत ढोबळी मिरची आणि भरडलेले धणे पडले की कढाई, पांढरीत वेलची पडली की शाही. चार जणांनी पनीरच्या तीन भाज्या मागवल्या आणि तिन्ही लाल निघाल्या, तर दोष आचाऱ्याचा नाही. एक लाल, एक तपकिरी आणि एक सुकी भाजी, एवढं चौघांना पुरतं. नान एकदम आठ मागवू नका. मैदा गार झाला की चामट होतो, म्हणून दोन-दोन मागवत राहा. वरच्या मजल्यावरच्या एसीत बसलात तर त्याच भटारखान्यातल्या त्याच भाजीला जास्त दर पडतो, कार्डही वेगळं येतं. उकाड्यात ते मान्य असेल तर खुशाल बसा.

पार्सलमध्ये इडली, पुलाव, उसळ टिकते. डोसा आणि तळलेला मासा डब्यातल्या वाफेने दहा मिनिटांत मऊ पडतो, मग अ‍ॅपवर तारे कमी देऊन उपयोग नाही. फरसाण वेगळं बांधून मागा. सोलकढी घरी पोचताच संपवा. नारळाचं दूध मुंबईच्या उकाड्यात फार वेळ तग धरत नाही.

बिल वाचायची सवय ठेवा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. कंपोझिशन योजनेतलं (स्वतःच्या उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारं) छोटं हॉटेल ग्राहकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही. त्याच्या कागदावर 'बिल ऑफ सप्लाय' असतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. टिप द्यायची असेल तर रोख द्या, वाढणाऱ्याच्या हातात.

आणि रात्री साडेदहानंतर पोचलात तर डाळखिचडी मागा. तवा धुवायला गेलेला असतो, तंदूर निवत आलेला असतो. खिचडीला नुसता भात, डाळ आणि ताजी फोडणी लागते. वर पापड भाजून मिळतो.