ॲम्पची अर्थिंगची पिन काढू नका: ‘सेकंडहँड गिटार ७ उपायांत नवी’ या मेसेजला उत्तर

मागच्या शनिवारी रात्री भाचीचा फोन आला. “मावशी, तुझ्याकडे पक्कड आहे का गं?” कशाला हवी विचारलं, तर म्हणाली, ॲम्पच्या, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या, प्लगची मोठी पिन उपटायची आहे, गिटार फार घोंघावतेय. हे कुणी सांगितलं तुला? तिने मेसेज पाठवला. ‘सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार ७ उपायांत नव्यासारखी’. तेव्हापासून तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसलाय, खाली जोडलेले हात आणि ‘खूप उपयुक्त माहिती’.

सात उपाय असे: आवाज घोंघावत असेल तर ॲम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढा. तारा पट्टीपासून उंच असतील तर ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, पूर्ण आवळा. सगळ्या तारा एकदम काढू नका, मान तुटते. फ्रेटबोर्डला, म्हणजे बोटं दाबतो त्या लाकडी पट्टीला, खोबरेल तेल लावा. खरखरणाऱ्या नॉबवर डब्ल्यूडी-४० मारा. जाड तारा लावा, आवाज दमदार होतो. आणि पैसे असतील तर आधी तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदला, बाकी सगळं नंतर.

बाकीच्या उपायांनी फार तर गिटार जाईल. पहिल्याने माणूस जाऊ शकतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

आपल्या थ्री-पिन प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. ॲम्पची धातूची चॅसी, म्हणजे आतला सांगाडा, या पिनला जोडलेली असते. आत फेजची वायर सुटून चॅसीला टेकली तर करंट अर्थिंगच्या वायरने निघून जातो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो, आणि बिघाड आहे हे लगेच कळतं. पिन काढलीत की यातलं काहीच होत नाही. चॅसीत २३० व्होल्ट उतरतात आणि तिथेच राहतात. चॅसीला केबलची बाहेरची जाळी जोडलेली, जाळीला गिटारचा जॅक, जॅकमागून एक वायर तारा अडकवलेल्या धातूच्या ब्रिजकडे, ब्रिजवर तारा आणि तारांवर तुमची बोटं. दुसरा हात किंवा ओठ अर्थ असलेल्या माइकला लागला की करंटला छातीतून वाट मिळते.

ही भीती कल्पनेतली नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवरच गेला. अर्थिंग बिघडलेला माइक आणि हातात गिटारच्या तारा, एवढंच कारण. वय २७. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला, तिथेही अर्थिंगच धड नव्हतं. दोघंही रोज ॲम्प हाताळणारी व्यावसायिक माणसं होती. ज्या मेसेजमुळे एकोणीस वर्षांची मुलगी रात्री दहाला पक्कड शोधते, तो पुढे ढकलताना ज्याला त्याला हे ठाऊक असायला हवं.

पिन काढल्यावर आवाज कधीकधी खरोखर कमी होतो, तेवढं मान्य करते. ॲम्प एका बोर्डवर, मिक्सर किंवा कॉम्प्युटर दुसऱ्या बोर्डवर आणि दोघं केबलने जोडलेले, असं असेल तर अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्झची घरघर येते. पिन काढली की वर्तुळ तुटतं. पण दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावले तरी बहुतेक वेळा तेच साधतं. आणि नुसती गिटार आणि ॲम्प एवढंच असेल तर असं वर्तुळच नसतं, तिथे या उपायाला काडीचा अर्थ नाही.

भाचीकडे नुसती गिटार आणि ॲम्पच होता. म्हणून रविवारी सकाळी तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले. गिटार फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या धर्तीची, तीन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची, आठ हजारांत घेतलेली. पोरीने सहज सांगितलं, केबलच्या जॅकला बोट लागलं की बारीक झिणझिण्या येतात. मी ॲम्प तिथल्या तिथे बंद केला आणि वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तर वरच्या भोकामागे वायरच नव्हती. प्लगला तीन पिना, बोर्डला तीन भोकं आणि तिसऱ्यामागे नुसती भिंत. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास सापडतं. त्याने मीटरपासून अर्थिंगची वायर ओढून दिली, घरमालकांशी बोलून करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. झिणझिण्या गेल्या.

घोंघाट मात्र राहिला. आता ऐका, कारण जुन्या गिटारीत हे फार वेळा होतं. नीट जोडलेल्या गिटारच्या तारांना हात लावला की घोंघाट कमी होतो. अर्थ असलेल्या तारांमुळे अंगाने पकडलेला गोंधळ निघून जातो, म्हणून. हिच्या गिटारला तारा धरल्या तरी फरक पडेना, पण जॅकच्या धातूला बोट लावलं की आवाज एकदम खाली. म्हणजे जॅकपर्यंत सगळं ठीक, जॅकपासून तारांपर्यंत कुठेतरी तुटलंय. गिटार पालथी घातली आणि मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं. ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर हलवायच्या दांड्याच्या, स्प्रिंगा ज्या धातूच्या पंजाला अडकवलेल्या असतात, त्याच्या कडेला सोल्डरचा करडा ठिपका होता आणि त्यातून सुटलेली काळी वायर शेजारी लोंबत होती. एवढाच बिघाड. पंजा जाड धातूचा असल्याने २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तापत नाही, सोल्डर नुसतं वर बसतं आणि आठवड्यात सुटतं. ६० वॅटचं घेतलं, जागा कानशीने खरवडली, वायर जोडली.

क्रम महत्त्वाचा आहे. ही वायर जोडली की तारा थेट ॲम्पच्या चॅसीला जोडल्या जातात. भिंतीत अर्थिंग नसताना ती जोडणं धोक्याचंच. म्हणून आधी वायरमन, मग सोल्डर. आणि मेसेजवाल्याने सांगितलं तसं पोरीने पिन काढली असती, तर पुढे वायरमन आला असता तरी ॲम्प बिनअर्थचाच राहिला असता.

सिंगल कॉइल पिकअप थोडा गुणगुणतोच, तो त्याचा स्वभाव आहे. ती गुणगुण मारायची म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन गुंडाळ्यांचा हमबकर पिकअप बनवला. तुमच्या स्ट्रॅटमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण बंद होते. तपासायला एक पैसा लागत नाही.

आता ट्रस रॉड. पहिल्यानंतर सगळ्यात जास्त नुकसान करणारा उपाय हा, कारण यात मुळातच घोटाळा आहे. तारांची उंची ट्रस रॉडने लावत नाहीत, ती ब्रिजवर तारा टेकतात त्या सॅडलच्या स्क्रूंनी लावतात. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२३ मध्ये पेटंट मिळवलेली ही मानेतली सळई तारांच्या ओढीला तोंड देण्यासाठी आहे. ९ च्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच) सहा तारा मिळून मानेवर चाळीसेक किलोचा ताण टाकतात. मान पूर्ण सरळही नको असते. तार मध्यभागी सगळ्यात जास्त हलते, तिला तेवढी जागा मिळावी म्हणून मानेत अगदी बारीक खोलगटपणा ठेवतात. रॉड पूर्ण आवळलात की तो जातो, पुढे मान उलटी कमान धरते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, सगळ्या तारा आपटून बझ करायला लागतात. तिथेही थांबला नाहीत तर आटे झिजतात किंवा रॉड तुटतो, आणि तुटलेला रॉड काढायचा तर फ्रेटबोर्ड उचलावा लागतो. आठ हजारांच्या गिटारसाठी तेवढं काम कोण करणार?

फेंडरने स्वतःच्या गिटारींसाठी मापं देऊन ठेवली आहेत, मी त्यांवरच चालते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट बघायची. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या, म्हणजे फ्रेटबोर्डची गोलाई तेवढी असलेल्या, मानेला ती ०.०१० इंच हवी, म्हणजे पाव मिलिमीटर. फट मोजायचा फीलर गेज नसेल तर झेरॉक्सच्या कागदाचे दोन पदर सहज जावेत आणि तिसरा अडावा. फट जास्त असेल तर रॉड उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, एका वेळी पाव फेरा. पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या, हेही फेंडरनेच लिहिलंय. मान बसली की तारांची उंची सतराव्या फ्रेटवर साधारण १.६ मिलिमीटर, आणि ती सॅडलने.

भाचीच्या गिटारला रॉड पाव फेरा उजवीकडे लागला, बस्स. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात सुकतं. चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल.

खोबरेल तेल अजिबात नको. ते वाळत नाही, लाकडावर चिकट थर धरतं, त्यात घाम आणि धूळ बसते, आणि थंडीत बाटलीत गोठतं तसंच फ्रेटच्या कडांना गोठतं. मेपलच्या फ्रेटबोर्डवर लॅकर असतो, तिथे कोणतंच तेल आत जात नाही. रोझवुडला, म्हणजे आपल्या शिसवाला, फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन थेंब वर्षातून एक-दोनदा पुरतात, आणि लगेच पुसायचे.

सगळ्या तारा एकदम काढल्याने मान तुटत नाही. फ्रेट साफ करायचे तर काढाव्याच लागतात. ट्रेमोलो तरंगता असेल तर एकेक तार बदलणं सोयीचं पडतं, कारण स्प्रिंगांचा तोल ढळत नाही. या मुद्द्यात खरं तेवढंच.

खरखरणाऱ्या नॉबला साधा डब्ल्यूडी-४० नाही, कॉन्टॅक्ट क्लीनर. नॉबखालच्या पॉटच्या आत एक फवारा आणि नॉब पंचवीस-तीस वेळा फिरवा. जाड तारांचं म्हणाल तर लावा हव्या तर, पण ९ वरून ११ वर गेलात की ताण पन्नास किलोच्या पुढे जातो. मग रॉड, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा, मानेच्या टोकाच्या नटच्या खाचा, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सगळं पुन्हा लावावं लागतं, आणि मेसेजात त्याबद्दल अक्षर नाही.

राहिले पिकअप. पोरगी त्यासाठी महिन्याचा खाऊचा पैसा साठवत बसली होती, कारण आवाज ‘डळमळतो’. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून पिकअपची उंची मोजली, तर जाड तारेखाली जेमतेम एक मिलिमीटर. इतक्या जवळ चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. स्क्रू फिरवून जाड बाजू २ आणि बारीक बाजू १.६ मिलिमीटरवर आणली. मग इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवायचा. दाबलेला चढा आला की सॅडल मागे, उतरता आला की पुढे. चौथ्या तारेला सगळ्यात जास्त वेळ गेला, तिच्या सॅडलचा स्क्रू गंजला होता.

संध्याकाळी सहाला तिने वाजवून बघितलं. वायरमनचे पैसे, आरसीसीबी, तारांचा नवा सेट आणि वीतभर वायर, एवढा खर्च झाला. पिकअप तेच आहेत, आणि ते पैसे आता तिच्या क्लासच्या फीला जाणार आहेत.