साठ फूट कास्ट कशाला हवी?

भाच्याने फ्लाय फिशिंगबद्दल, म्हणजे हलकं बनावट आमिष फेकून मासे धरण्याबद्दल, एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, माझा रॉड विकून टाकू का?’ मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: लांब रॉड लांब कास्टसाठीच असतो, निंफवर (पाण्याखालच्या किड्यासारखं बनावट आमिष) ट्राउट मासा धरायचा तर साठ फूट कास्ट, म्हणजे फेक, यायलाच हवी, जवळ गेलात की मासा पळालाच, आणि लहान ओढ्यावर सात फुटांपेक्षा मोठा रॉड नको.

आधी ते साठ फूट, कारण नवशिक्याचं वाटोळं तिथेच होतं. तळाचं पाणी दगडगोट्यांना घासत सावकाश जातं, वरचं पळतं. एवढी लाइन (रॉडची जाड दोरी) वरच्या पाण्यावर पसरली की प्रवाहाने तिला पोट सुटतं आणि ती तळातल्या निंफला फरफटत नेते. असा पळणारा निंफ ट्राउट सहसा घेत नाही. चुकून घेतलाच तरी क्षणात थुंकतो, आणि तेवढ्यात तुमची ढिली लाइन ताठसुद्धा झालेली नसते! कितीही मेंडिंग करा, म्हणजे पाण्यावरची लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, साठ फुटांवर हात पोचत नाही.

फ्लाय फिशिंगच्या जागतिक स्पर्धा घेणाऱ्या फिप्स-मूशचे नियमच बघा ना. रॉड 366 सेंटिमीटरपर्यंत, लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला बारीक दोरा) रॉडच्या दुपटीपर्यंत. म्हणजे दहा फुटी रॉडला वीस फूट लीडर, झाले तीस फूट. नदीवर निंफ लावणारे कसलेले स्पर्धक बरेचदा एवढ्यातच मासे काढतात.

मग दहा-अकरा फुटी रॉड कशाला? लाइन पाण्यावरून उचलून धरायला. टोक उंच ठेवायचं, पाण्यात फक्त टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं बारीक टोक, जाऊ द्यायचं. हे रॉड दोन ते चार नंबरचे, म्हणजे हलक्या लाइनचे, मऊ टोकाचे. इथे निंफचं वजनच लीडरला ओढून नेतं, लाइन टोकाबाहेर जेमतेम येते. त्यावर साठ फूट मारायला सांगणाऱ्याने तो हातात धरलाय की नाही, शंकाच आहे.

‘जवळ गेलात की पळाला’ हे अर्धं खरं, मान्य. संथ, नितळ, उथळ पाण्यात मागेच राहावं लागतं. तिथे इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारी तरंगती खूण) लावून लांबून टाका, नऊ फुटी रॉडही चालेल. पण खळाळत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. खालच्या अंगाने, वाकून, पाय न आपटता गेलं तर पंधरा-वीस फुटांवर उभं राहता येतं.

ओढ्याचं म्हणाल तर डोक्यावर फांद्या असतील तर आखूड रॉड घ्या. वर मोकळं असेल तर अरुंद ओढ्यावरही दहा फुटीच बरा, पलीकडच्या संथ पट्ट्यात निंफ धरून ठेवता येतो.