खुलासा : '२५० मीटर रेंज'चा माईक आणि गर्दीतलं शूटिंग

कोल्हापुरातल्या व्हिडिओग्राफर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : '२५० मीटर रेंजचा २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस माईक घ्या, जोतिबाच्या यात्रेतही आवाज तुटणार नाही. ३२-बिट फ्लोट असल्यावर लेव्हल बघायचीही गरज नाही.' ही माहिती दिशाभूल करणारी आहे.

तो आकडा मोकळ्या मैदानातला, मध्ये काहीही आडवं नसतानाचा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाचं शरीर शोषून घेतं, शिवाय आसपासच्या मोबाईलचं वायफाय-ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतं. वक्त्याने पाठ फिरवली तरी काही पावलांवर आवाज तुटू शकतो. म्हणून ट्रान्समीटर (आवाज पाठवणारा भाग) वक्त्याच्या छातीवर, कॅमेऱ्याकडे तोंड राहील असा लावा, मागच्या खिशात नको. कॅमेऱ्याला जोडलेला रिसीव्हर (आवाज घेणारा भाग) शक्य तेवढा उंच ठेवा.

३२-बिट फ्लोट म्हणजे खूप मोठा किंवा लहान आवाजही नंतर सुधारता येईल असा साठवणारी रेकॉर्डिंगची पद्धत. तिचा फायदा बहुतेक संचांत ट्रान्समीटरमधल्या रेकॉर्डिंगपुरताच मिळतो. कॅमेऱ्यात जाणारा आवाज लेव्हल चढली की फाटतोच, आणि हलगी अगदी जवळ वाजली तर माईकची कॅप्सूलच (आवाज टिपणारा भाग) ओव्हरलोड होते. तो आवाज नंतर कशानेही सुधारत नाही. त्यामुळे निवडताना रेंजच्या आकड्यापेक्षा ट्रान्समीटरमध्ये रेकॉर्डिंग आहे का, हे आधी बघा. काही संचांत ते आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. लिंक तुटली तरी हीच फाईल काम वाचवते.

युएचएफ (२.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारा) संच गर्दीत सहसा जास्त टिकतो. मात्र त्याची फ्रिक्वेन्सी भारतात वापरायला परवानगी आहे का, हे घेण्याआधी तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.