शेवटचे पान

आज परभणीतील एका वाचनालयात जुनी पुस्तके रद्दीत काढली जात होती आणि त्या ढिगाच्या तळाशी, सुतळीने आवळलेल्या गठ्ठ्यात, रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर होते. मी हटकले तेव्हा तेथील गृहस्थ म्हणाले, "सर, याला साहित्य कोण म्हणतं?"

मी म्हणतो.

माझ्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. घरी मराठी बोलत असले तरी मराठी वाचण्याची गोडी त्यांना १९४८ नंतर लागली आणि ती झुंजार व काळापहाड या अर्नाळकरांच्या नायकांनी लावली. सेलूच्या घरी ओसरीवर कंदील ठेवून, ओळीखाली बोट धरून ते अक्षरे जुळवत असत. एकदा भाड्याने आणलेल्या पुस्तकाचे शेवटचे पानच कोणीतरी फाडलेले निघाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरने परभणीला गेले, तीन दुकाने पालथी घातली आणि प्रत विकत घेण्याइतके पैसे खिशात नव्हते म्हणून दुकानदाराला विनवून, उभ्याउभ्या ते एक पान वाचून संध्याकाळच्या गाडीने परतले.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे अर्नाळकरांचे मूळ नाव. १९०६ साली जन्मलेल्या, मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि १९९६ मध्ये जगाचा निरोप घेतला. त्यांतील काही कथांची बीजे इंग्रजी कथांतली होती आणि घाईने लिहिलेलेही पुष्कळ होते, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी चर्चासत्रांतून 'अभिरुची' हा शब्द झिजवला, त्यांच्यापैकी कोणाच्या पुस्तकातील एका पानासाठी कोणी गाडी पकडून परगावी गेले आहे काय? आमच्या मराठवाड्यात, जिथे मराठी शाळाच उशिरा आल्या, तिथे ज्याने माणसांना वाचते केले, त्याला किलोच्या भावाने विकताना यांचा हात थरथरला कसा नाही?

असो. गठ्ठा मी रद्दीच्याच भावाने घरी आणला आहे. सुतळी सोडली तेव्हा कागदाचा भुगा मांडीवर सांडला आणि एका पुस्तकाच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने "खुनी हाच" असे लिहून पुन्हा खोडलेले दिसले. आजोबा असते तर त्या अनोळखी वाचकावर फार रागावले असते. मी मात्र आधी प्रत्येकाचे शेवटचे पान तपासले.

दोन पुस्तकांना ते नाही. मुखपृष्ठांची छायाचित्रे खाली देत आहे. कोणाच्या घरी पूर्ण प्रत असेल तर कृपया कळवावे, जालना असो वा नांदेड, मी स्वतः येईन आणि तेवढे पान तिथेच बसून उतरवून घेईन.