किचन करायला काढलंय? आधी रंग ठरवा

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, एकविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची चावी मिळाली ना? अभिनंदन. आता किचनच्या ट्रॉल्या आणि बेडरूमचा वॉर्डरोब. माझं ऐका, पहिल्यांदा रंग ठरवून टाका. आतला बोर्ड कसला, हे अगदी शेवटी बघायचं, आणि विसरलात तर फारच उत्तम. वास्तुशांतीला आलेला माणूस रंग बघतो, 'छान झालंय हं' म्हणतो आणि जेवायला बसतो. शटरवर टकटक करून 'आत काय घातलंय?' असं आजवर एकानेच विचारलं, आमच्या साडूंनी. त्यांना आम्ही पुन्हा बोलावलं नाही.

निवड करताना बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवा. तिथलं किचन पांढरंशुभ्र आणि चकचकीत असतं, हँडल औषधालाही सापडत नाही. तिथे कधी मिरचीची फोडणी पडलेली नसते आणि सिंकला पाणीही नसतं. आपल्या घरात हे दोन्ही आहे, हा आपल्या घराचा दोष. तेव्हा बेधडक पांढरं हाय ग्लॉस ॲक्रेलिक घ्या. हँडलऐवजी शटरच्या कडेला बोटं घालून ओढायचं प्रोफाइल बसवा. कांदेपोहे करताना हळदीच्या हाताने साखरेचा डबा काढायची वेळ आली की त्या कडेला अंगठा उमटतो. सहा महिन्यांत घरातल्या सगळ्यांचे ठसे तिथे जमा होतात, आधार केंद्रात जाऊन आल्यासारखे. ते हिरव्या घासणीने घासा. मग चारच्या उन्हात दारावर कोळिष्टकासारखी बारीक ओरखड्यांची नक्षी दिसते. वेगळं डिझाइन करून घ्यायचं म्हटलं तर केवढ्याला पडेल!

शोरूममधला मुलगा पाण्याच्या ग्लासात बुडवलेला हिरवा तुकडा दाखवेल. 'सर, एचएमआर आहे, फुल वॉटरप्रूफ.' म्हणजे भुसा दाबून केलेला, दमटपणा सोसणारा बोर्ड. मान डोलवा. हिरवा रंग बोर्ड ओळखू यावा म्हणून भुशात मिसळलेला असतो आणि एचएमआर दमट हवेला तोंड देतो, साचलेल्या पाण्याला नाही, वगैरे बोलून त्याचा दिवस खराब करू नका. प्लाय घेणार असाल तर 'आयएस 303 की आयएस 710?' हा भारतीय मानकांच्या नंबरांचा प्रश्न चुकूनही नको. 710 म्हणजे मरीन, त्याची चिकटाई 72 तास पाण्यात उकळून तपासतात. 303 मध्ये बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारी) आणि एमआर (नुसता दमटपणा सोसणारी) अशा दोन प्रती, त्यातली एमआर कोरड्या खोलीतच बरी. हे विचारलंत की मुलगा आत जातो, आतून मॅनेजर येतो, आणि सांगितलेला चहा मात्र येत नाही. शीटवरच्या आयएसआय शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघणं हा तर शुद्ध असंस्कृतपणा. माल घरी उतरेल त्या दिवशी आपण ऑफिसात असावं.

ट्रॉल्यांची जाळी 304 स्टीलची आहे, हे दुकानदार लोहचुंबक लावून सिद्ध करतो. चिकटत नाही, म्हणजे अस्सल! स्वस्तातल्या 202 स्टीलला तरी तो कुठे चिकटतो, पण प्रयोग बघायला मजा येते. मेम्ब्रेनची, म्हणजे वर प्लास्टिकची फॉइल चिकटवलेली शटर्स शेगडीला खेटूनच घ्या, उष्णतेने फॉइल कोपऱ्यातून सुटू लागली की दुपारचा वेळ मजेत जातो.

वॉर्डरोब बाथरूमच्या भिंतीलाच लावायचा, कारण दुसऱ्या भिंतीवर टीव्ही आहे. दार सलग आठ फुटी हवं. सनमायका बाहेरून 1 मिलीमीटरचा भारी लावा आणि आतून काहीच नको, आत कोण बघतंय? एका बाजूनेच ओढ बसल्यामुळे दाराला बाक येतो आणि ते नमस्कार केल्यासारखं किंचित वाकून उभं राहतं. ठाण्याचा पावसाळा जून ते सप्टेंबर. गणपतीला नेसायची म्हणून पैठणी काढाल तेव्हा घडीवर पांढरट बुरशी असेल, डांबरगोळ्यांच्या वासातही तिचा वास लपणार नाही. जरीकामात थोडी भर पडली असं समजा.

आता सिंकखालचा कप्पा. तिथे मी स्वतः पार्टिकल बोर्ड घातला होता, त्यामुळे अधिकाराने सांगतो. कचऱ्याचा डबा ठेवायच्या जागेवर कशाला पैसे घालायचे, असा माझा हिशेब होता. एजबँड, म्हणजे कड झाकायची पट्टी, दर्शनी बाजूला लावला, मागची कड उघडीच. ती फक्त पाइपलाच दिसते. बेसिनखालच्या जोडातून दिवसाला चार-पाच थेंब पडायचे. तिसऱ्या पावसाळ्यात फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली. बोट लावलं तर भुसा ओला होऊन नखात गेला. बिजागरीचे स्क्रू पिळले की जागच्या जागी फिरायचे, पकडायला काही उरलंच नव्हतं. आणि दार बाहेरून तसंच, लखलखीत पांढरं. आमच्या हिच्या भिशीच्या बायका त्याच आठवड्यात येऊन किचनचं कौतुक करून गेल्या.

गॅरंटी होती, सात वर्षांची. कार्ड काढून वाचलं. पाणी, वाळवी, ऊन आणि 'गैरवापर' सोडून सगळ्याला होती.

शेवटी नाक्यावरच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी उकिडवं बसून टॉर्च मारला, फळीचा एक कपचा काढून माझ्या हातात ठेवला.

'साहेब, ही फळी बदलायला लागेल. मरीन घालतो, चारी कडा बंद करतो.'

'दोन दिवसांवर पाहुणे आलेत हो काका. सध्यापुरतं काही?'

'सध्यापुरतं...' त्यांनी दाराकडे बघितलं. 'वरून सनमायका मारून देतो.'

मी म्हटलं, 'शेड कुठल्या कुठल्या आहेत?'