‘त्वचारोगतज्ज्ञ’ या शब्दाची अडचण नक्की कुणाला आहे?

डॉक्टरांच्या पाट्यांबद्दलचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: तज्ज्ञ डॉक्टरांसाठीचे मराठी शब्द सरकारी कचेरीत बसून पाडलेले आहेत, इंग्रजी शब्द नेमके असतात, ‘स्किन स्पेशालिस्ट’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि औषध तेच मिळणार असेल तर शब्दांचा आग्रह कशाला? यातला एकही मुद्दा मला पटत नाही. शेवटचा तर रुग्णाचं नुकसान करणारा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

‘इंग्रजी शब्द नेमके असतात.’

‘ऑर्थोपेडिक’ घ्या. निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरने 1741 साली हा शब्द घडवला तो ‘सरळ’ आणि ‘मूल’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून, कारण त्याचा विषय होता मुलांच्या शरीरातली व्यंगं दुरुस्त करणं. खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीतल्या माणसाला त्यातून काय कळणार? ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ या शब्दात निदान हाड तरी आहे. गजकर्णाला इंग्रजीत ‘रिंगवर्म’ म्हणतात, आणि त्यात अळी किंवा जंत काहीही नसतो, ती बुरशी असते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक आहे की रोजच्या बोलण्यात इंग्रजी भाषकही ‘इयर, नोज, थ्रोट’ किंवा ‘ईएनटी’च म्हणतात. इंग्रजी शब्द वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. ते वापरून रुळले, तसेच आपलेही रुळतात.

‘मराठी शब्द कचेरीत पाडलेले आहेत.’

काही आहेत. ‘विकृतिशास्त्रज्ञ’ कुणी म्हणत नाही, सगळे पॅथॉलॉजिस्टच म्हणतात. रिक्षावाल्याला आपण ‘किडनीच्या डॉक्टरांकडे’ असंच सांगतो. फिजिशियनला मराठी शब्द रुळलेला नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. पण ‘भूलतज्ज्ञ’ कुठल्या कचेरीतून आला? भूल देतात, भूल चढते, भूल उतरते, हे आपण रोज बोलतो. त्यातूनच तो शब्द निघाला आणि ॲनेस्थेटिस्टपेक्षा तो कुणालाही लवकर कळतो. शिवाय वैद्यकाच्या शाखांना वेगवेगळी नावं देणं आपल्याकडे मुळीच नवं नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्य वेगळं, लहान मुलांचं कौमारभृत्य वेगळं, आणि डोळे, कान, नाक, घसा यांचं शालाक्य वेगळं. शलाका म्हणजे सळई, ती वापरणाऱ्यांची शाखा ती शालाक्य. ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे पदाचं नाव आजही सरकारी रुग्णालयात वापरात आहे.

‘स्किन स्पेशालिस्ट म्हटलं की सगळ्यांना कळतं.’

काय कळतं? मुरूम, काळे डाग, केस गळणं, गोरेपणा. भारतात एम.डी.ची ही शाखा तिहेरी आहे: त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. जुन्या मराठी पाट्यांवर हे तिन्ही शब्द लिहिलेले असायचे. लोक दबकत का होईना, पण नेमक्या ठिकाणी पोचायचे. आता गुळगुळीत इंग्रजी पाटीवर नुसतं ‘स्किन’ उरलं आणि शेजारी ‘हेअर’, ‘लेझर’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ येऊन बसले. कॉस्मेटॉलॉजीचा छोटा कोर्स म्हणजे त्वचारोगातली एम.डी. नव्हे, पण पाटी वाचून हा फरक कळत नाही. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारसंहितेत म्हटलंय, की त्या शाखेची विशेष पात्रता नसेल तर डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवरही लिहावा. म्हणून पाटी कुठल्याही भाषेत असो, नावापुढची पदवी आणि हा क्रमांक बघा.

याचा फटका कसा बसतो ते गजकर्णात दिसतं. चुकीच्या सल्ल्याने किंवा परस्पर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. दोन दिवसांत खाज थांबते, गोलाची लालसर कड फिकी पडते, माणूस खूश होतो. आत बुरशी पसरत असते. मलम थांबवलं की गजकर्ण दुप्पट जोराने वर येतं, आणि जांघेत महिनोन् महिने तेच लावलं असेल तर कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे उमटतात.

‘औषध तेच, मग शब्दाने काय फरक पडतो?’

औषध ठरण्याआधी रुग्णाला बोलावं लागतं, आणि तो त्याच्या भाषेतच बोलतो. त्वचेच्या तक्रारींसाठी मराठी किती संपन्न आहे बघा: खरूज, नायटा, इसब, शिबं, वांग, चामखीळ, कुरूप, चिखल्या, नागीण, चाई, कोड. यातला प्रत्येक शब्द ऐकताच जाणत्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट चित्र उभं राहतं. ‘पित्त झालंय’ आणि ‘अंगावर पित्त उठलंय’ या दोन पूर्णपणे वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत छातीत जळजळतं, दुसरीत अंगभर खाजऱ्या गांधी येतात. हा फरक माहीत नसलेला डॉक्टर दुसरीलाही ॲसिडिटीची गोळी लिहून देऊ शकतो.

त्याहून नाजूक शब्द कोड. हिंदीतला ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. मराठीतलं कोड म्हणजे त्वचेतला रंग जाऊन पडणारे पांढरे डाग. ते संसर्गाने होत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, आणि डागावर स्पर्श नीट कळतो. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांपुढे एखादी बाई ‘मला कोड आहे’ म्हणते, तेव्हा दोघांना एकच अर्थ कळणं किती गरजेचं आहे! अशा डॉक्टरांना हे शंभरेक शब्द पहिल्याच महिन्यात शिकवले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

नागिणीचंही तसंच. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती अजून घरोघरी आहे. खरं तर कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दबून राहतो आणि पुढे कधीतरी त्याच तंतूच्या वाटेने, बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला फोड आणतो. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर सर्वांत चांगला उपयोग होतो. ‘नागीण आहे, पण घाबरू नका, आजच गोळ्या सुरू करा’ हे मराठीत सांगणारा डॉक्टर असेल तर ते तास मंत्रतंत्रात जात नाहीत.

आणि कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, दुखत नाही, डोळे मिटून कापूस टेकवला तर कळत नाही. त्रास नसल्यामुळे लोक तो अंगावर काढतात. ‘स्किन’ म्हणजे सौंदर्य एवढंच डोक्यात बसलेलं असेल, तर असा चट्टा घेऊन माणूस आधी पार्लरमध्ये जाईल. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. उशीर झाला तर मज्जातंतू मरतात आणि हातापायाची गेलेली संवेदना या गोळ्यांनी परत येईलच असं नाही.