आई कुठे होती?

वसईजवळच्या नायगावात खिडकीतून पडून गेलेल्या चिमुरडीचा तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला नाही. पाहवलाच नाही. जुलै २०२५ मधली गोष्ट. बाहेर निघायची गडबड, आईने चारेक वर्षांच्या लेकीला दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसवलं. मागे खिडकी, खिडकीला ग्रिल नाही, बारावा मजला. एवढं कळलं तेच पुष्कळ झालं. कमेंट्स मात्र वाचल्या, आणि तीच चूक झाली. "मोबाइलमध्ये डोकं असेल." "असल्यांना मुलं हवीत कशाला?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "आई कुठे होती?"

अहो, आई तिथेच होती. हाताच्या अंतरावर.

त्याच महिन्यात पुण्यात कात्रजकडे एक चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकताना दिसली. आई दुसऱ्या मुलीला शाळेत सोडायला गेली होती. अग्निशमन दलाचा एक जवान त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होता, तो धावला म्हणून पोर वाचली. तिथेही लोकांनी आईलाच झोडपलं. म्हणजे आई घरात असली तरी दोषी, नसली तरी दोषी. बाबा कुठे होते हे कोणी विचारत नाही, ते जाऊ दे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. परवा कुकरची तिसरी शिट्टी होते ना होते तोच हॉलमधून स्टूल घासत नेल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर साहेब स्टुलावर चढून ग्रिलला गाल टेकवून उभे. खाली जेसीबी आला होता, आणि जेसीबी म्हणजे सध्या त्याचा देव. तिसरी शिट्टी होईपर्यंत किती वेळ गेला असेल? ते ग्रिल नसतं तर तुम्ही माझ्याबद्दलही हेच लिहिलं असतंत.

आणि ते ग्रिल बसवायला मला सात महिने लागले. पैशांसाठी नाही, सोसायटीच्या परवानगीसाठी. ग्रिलने म्हणे इमारतीचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं. बाहेरून काही लावणार नाही असं पझेशनच्या वेळीच आमच्याकडून लिहून घेतलेलं. खिडकीचा कट्टा माझ्या गुडघ्याच्या जेमतेम वर. ब्रोशरमध्ये ह्यालाच 'मोकळा व्ह्यू' म्हटलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात हाच प्रश्न होता. उंच इमारती, गरीब कुटुंबं, उन्हाळ्यात उघड्या खिडक्या आणि पडणारी मुलं. तिथल्या आरोग्य खात्याने आधी ब्रॉंक्स भागात घरोघरी जाऊन पालकांना समजावलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत, खिडक्यांना लावायचे गार्ड, म्हणजे संरक्षक गजही फुकट वाटले. तिथल्या पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये नियमच केला: घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर गार्ड बसवायची जबाबदारी घरमालकाची. तीन किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींच्या मालकाला दरवर्षी भाडेकरूंना पत्र पाठवून विचारावं लागतं, मूल आहे का? आई किती दक्ष आहे याची चौकशी त्या पत्रात नसते.

आमच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणतात, आग लागली तर ग्रिलमधून बाहेर कसे पडाल? मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. न्यूयॉर्कनेही आगीच्या जिन्याकडे उघडणारी खिडकी नियमातून वगळली आहे. पण मग कुठली खिडकी उघडणारी ठेवायची, दोन गजांत अंतर किती, हे मी आणि नाक्यावरच्या फॅब्रिकेटरने चहा पिता पिता ठरवायचं का? ज्याने इमारत बांधली त्याने खिडकीबरोबरच ते द्यायला नको?

नियम केला की झालं, असंही मी म्हणत नाही. २००६ मध्ये हरियाणात बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलाला बाहेर काढताना अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: खोदण्याआधी १५ दिवस कळवा, कुंपण घाला, तोंडावर पोलादी झाकण लावा. तरी २०१९ मध्ये तमिळनाडूत त्रिचीजवळ दोन वर्षांचं मूल बोअरवेलमध्येच पडून गेलं. झाकण आहे का, हे बघायला कोणी फिरकतच नाही. मूल गेल्यावर मात्र कॅमेरे येतात आणि आईवडिलांनी लक्ष ठेवायला हवं होतं ही चर्चा सुरू होते.

पालक म्हणून माझी जबाबदारी आहेच. सोफा खिडकीखालून मी हलवला, स्टूल आता माळ्यावर आहे. पण चोवीस तास डोळ्यात तेल घालून बसणारी आई मी आजवर पाहिलेली नाही. माझी आईही तशी नव्हती. आम्ही तळमजल्यावर राहायचो, एवढंच.

गेल्या रविवारी आमची वार्षिक सभा झाली. विषय क्रमांक ७: सर्व फ्लॅटसाठी ग्रिलचा एकच नमुना ठरवणे. पार्किंगवर दोन तास गेले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरची ताई भेटली, कडेवर नुकतं रांगायला लागलेलं बाळ. तिने हळूच माझ्या फॅब्रिकेटरचा नंबर मागितला. दिला. म्हटलं, आधी लावून घे, अर्ज मग कर.